भिंत होती, उकंडा

उकंडा, मी तुझ्या घरात भिंतीतून शिरलो होतो. दार पुढच्या बाजूला होतं, उघडं होतं. तिथवर जायला थोडा वळसा पडला असता. मी तो घेतला नाही. मागच्या भिंतीतून आरपार गेलो, तुझ्या आईच्या न्हाणीतून तिच्या चुलीपाशी पोचलो आणि तिथे उभा राहून हसलो. पुढे हीच गोष्ट मी भर बैठकीत तुझ्याविरुद्ध पुरावा म्हणून सांगितली.

हे छापून येईल, तुला न ओळखणारेही वाचतील, म्हणून सांगून ठेवतो की ते घर खरं नव्हतं. निदान तेव्हा मी असं म्हणत होतो. डोळ्यांवर चढवायच्या त्या गॉगलमध्ये तू मानोऱ्याकडचा तुझा अख्खा तांडा उभा केला होतास. गॉगल घातला की माणूस तांड्याच्या मधोमध उभा. मान वळवावी तिकडे घरं, कुडं, बाभळी, गोठे. हातातली कळ दाबली की पाऊल पुढे पडायचं. भिंतीही होत्या, पण नुसत्या दिसायच्या, अंगाला लागायच्या नाहीत. जी भिंत अंगाला लागत नाही ती भिंतच नाही, असं माझं म्हणणं. तू म्हणायचास, "पाटील, भित अंगाले लागाच्या आंधीच माणूस थांबते. थेच तं भित हाये." आपलं भांडण एवढंच होतं. ते अर्धं ठेवून तू गेलास, आणि आता दोन्ही बाजू मलाच बोलाव्या लागतात.

माझं आडनाव पाटील नाही. रिठदला आमचं पाटलाचं घर, म्हणून तू मला तसं म्हणायचास आणि म्हणताना एक भुवई वर न्यायचास. त्या भुवईत काय होतं ते समजून घ्यायची मी कधी घाई केली नाही. तुझ्या नावाची गोष्ट मात्र तू सगळ्यांना सांगायचास. तुझ्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून तू जन्मल्यावर तुला उकिरड्यावर ठेवून परत उचललं आणि नाव उकंडा ठेवलं. टाकलेल्या पोराकडे मरण ढुंकून पाहत नाही, अशी समजूत. नव्या मुलांना पहिल्याच तासाला तू हे सांगायचास आणि वर म्हणायचास, "मले जलमल्याबरोबर फेकून देल्लं होतं, तरी मी वापस आलो. तुमी एटीकेटी लागली म्हनून कायले रडता?" मुलं हसायची. आता ते नाव आठवलं की मला हसू येत नाही. आईबापांनी एवढी तजवीज केली होती, ती पन्नाशीपर्यंतही पुरली नाही.

तू भूगोलाचा, मी समाजशास्त्राचा. वाशीमच्या आपल्या कॉलेजात स्टाफरूममधली आपली कपाटं शेजारीशेजारी. दुपारचे तास संपले की एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर आपलं दुसरं कॉलेज भरायचं. तुझ्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि तू तो प्रयोगशाळेतल्या लाल वायरीनं बांधला होतास. टपरीवाला विचारायचा, "मास्तर, चपलीत करंट घेतला का?" तू म्हणायचास, "हाव. पाटलाले धक्का द्यासाठी." नवी चप्पल तू घेतली नाहीस. म्हणायचास की ही पायाला ओळखते.

दिवाळी झाली की तुझा तांडा रिकामा व्हायचा. ऊसतोडीच्या टोळ्या ट्रॅक्टरमध्ये बसून निघायच्या, घरांना कुलपं लागायची, मागे उरायची थोडी म्हातारी माणसं आणि कुत्री. तुझा धाकटा भाऊ जायचा, आणि त्याची लेकरं सांभाळायला तुझी आईही जायची. तू प्राध्यापक झालास तरी ती जायची थांबली नाही, ही गोष्ट तुला आतून खात होती. तुमच्या बोलीत आईला याडी म्हणतात, म्हणून मीही तिला याडीच म्हणायचो. "याडी म्हनते, पोरं कोन पाह्यन?" एवढंच तू एकदा बोललास आणि चहाचा ग्लास उगाच फिरवत राहिलास.

त्याच रिकाम्या तांड्यात तू मोबाईल घेऊन फिरायला लागलास. एकेका घराचे, एकेका कुडाचे फोटो. तुझी शीतल अमरावतीला संगणक शिकत होती. ती सुट्टीत येऊन ते सगळे एकमेकांना जोडायची. एका भिंतीचे इतके फोटो काढलेस की शेजारची म्हातारी म्हणाली, "मास्तर, भित काय पळून चालली का?" हे तू मला टपरीवर सांगितलंस तेव्हा आपण दोघंही पोट धरून हसलो होतो.

वयाच्या त्या टप्प्यावर तुला पीएचडी करायची होती, आणि विषय हाच. तुझा प्रश्न साधा होता. जागा म्हणजे रिकामा डबा नव्हे, माणसं जशी वागतात तशी ती घडत जाते, हे आपण दोघंही वर्गात शिकवायचो. दोन माणसांनी किती अंतरावर उभं राहायचं याचे प्रत्येक समाजात न लिहिलेले नियम असतात. घराचा एक भाग पाहुण्यांसाठी असतो आणि एक परक्याच्या नजरेपासून राखलेला. भूदृश्य म्हणजे नुसते डोंगर आणि झाडं नव्हेत. कोण पाहतो, कुठे उभा राहून पाहतो, हेही त्यात येतं. ही सगळी सूत्रं खऱ्या गावांवरून बांधलेली. तू विचारलंस, गावच गॉगलमधलं असेल तर यातलं काय उरतं? माणसाचा देह तर आत जात नाही. मग देहात मुरलेली रीत आत जाते का?

मी म्हणालो, नाही जात. शिक्षा नाही, लाज नाही, शेजारी बघत नाही, तिथे कसली रीत?

तू म्हणालास, "जाऊन पाहू ना मंग."

आणि तू खरोखरच गेलास. गॉगल पिशवीत घालून साखर कारखान्यांच्या पट्ट्यात, तुझ्याच तांड्यातली माणसं जिथे उसाच्या पाचटाच्या कोप्या टाकून राहत होती तिथे. एकेकाला गॉगल घालायला द्यायचास आणि बाजूला बसून बघायचास. परत आल्यावर मला सांगायचास. तांड्याचा प्रमुख तो नायक, बायका त्याच्या ओट्यासमोरून सरळ जात नाहीत, आजूबाजूला कोणी नसताना लांबून फिरून जातात. एका चुलत भावाची गोष्ट तर तू पुन्हा पुन्हा सांगितलीस. तो गॉगलमध्ये फिरत फिरत स्वतःच्या घराशी गेला. फोटो काढले तेव्हा घर बंद होतं, म्हणून दाराला कुलूप. त्यानं कळ दाबली असती तर दारातून सहज आत गेला असता. पण तो थांबला. तू विचारलंस, "काहून रे, जा ना आत." तो म्हणाला, "कसा जाऊ? कुलूप थिकडं, अन् किल्ली इथं कमरीले." आणि खरंच कमरेची किल्ली चाचपत तो मागे फिरला.

मी हसलो. म्हणालो, "त्याला यंत्र समजलं नाही, एवढाच याचा अर्थ."

तू म्हणालास, "तुले तो समजला नाई, असं बी होते."

हिवाळ्याच्या सुट्टीत मी तुझ्याबरोबर ऊसतोडीच्या त्या फडावर आलो. माझा हट्ट होता की मी स्वतः बघणार. दुपारची वेळ होती. एक गाडी भरून गेली होती, दुसरी यायची होती. माणसं घोंगड्या टाकून बसली होती. तू मोबाईल उसाच्या मोळीला टेकवून ठेवलास. गॉगल घातलेल्याला जे दिसतं ते त्यावर सगळ्यांना दिसायचं. याडी कोपीच्या तोंडाशी बसून नातवाच्या डोक्यातल्या उवा बघत होती. तू तिला गॉगल देऊ केलास तर म्हणाली, "माह्याच घरात जाले डबा कायले घालू?" सगळे हसले. पण ती बघत मात्र होती.

"गुर्जीले द्या आता," कोणीतरी म्हणालं. "गुर्जी कुठी जातेत पाहू."

मी गॉगल घातला आणि तांड्यात उभा राहिलो. खरं सांगतो, क्षणभर वाटलं, मी खरंच तिथे आलो. बाभळीची सावली मातीवर पडली होती, एका कुडावर लुगडं वाळत होतं. मागून कोणी तरी म्हणालं, "पाटील, जपून, थिथं कुत्रं बसते." पुन्हा हशा. त्या हशानं मला चेव आला. मला वाटलं, इथेच सगळ्यांसमोर याचा निकाल लावावा. मी तुझ्या घराच्या मागच्या अंगाला गेलो. म्हणालो, "आता पाह्यजा." आणि कळ दाबून धरली.

भिंत डोळ्यांजवळ आली, मोठी झाली, विरली. न्हाणीचा दगड दिसला, बाजूला एक पातेलं, दोरीवर याडीचं काहीबाही कापड. मग चूल. मी चुलीपाशी उभा राहिलो आणि म्हणालो, "पाह्यलं? भित नाईच."

हसणं थांबलं होतं. मला वाटलं, लोक चकित झाले. गॉगलमधून मला फक्त चूल दिसत होती. माणसं दिसत नव्हती. मग तू माझ्या डोक्यावरून गॉगल काढलास, फार हळू, झोपलेल्या मुलाच्या अंगाखालून हात काढावा तसा. मी बघितलं तर सगळे खाली बघत होते आणि याडी जागेवर नव्हती. नंतर चहा आला, तो तुझ्या भावाच्या हातून. याडी कोपीतून बाहेर आली नाही.

परतीच्या गाडीत, वाशीमच्या अलीकडचं मालेगाव आलं तेव्हा, तू म्हणालास, "तुले दिसलं नाई. तू भितीतून आत शिरला ना, तं याडीनं पदर घेतला अन् उठून गेली."

"सवय असते," मी म्हणालो. "टीव्हीवर सासरा दिसला तरी आमच्याकडच्या बाया डोक्यावर पदर घेतात."

"हाव," तू म्हणालास. "मंग थेच तं सांगून राह्यलो ना तुले मी."

तेव्हा मी वाद जिंकण्याच्या इतक्या भरात होतो की तू मला उत्तर देऊन बसला आहेस हे मला कळलंच नाही.

मग ती बैठक, तुझ्या पीएचडीच्या विषयाला मान्यता द्यायची. तुझा विषय समाजशास्त्राच्या अंगानं जातो म्हणून मला जाणकार म्हणून बोलावलं होतं. तू तुझं सगळं मांडलंस. लांबून फिरून जाणाऱ्या बायका, कुलूप आणि किल्ली, याडीचा पदरही मांडलास, पण पदर का घेतला गेला ते सांगताना माझं नाव घेतलं नाहीस. "एक पाहुणे मागच्या भिंतीतून आत गेले," एवढंच म्हणालास. मला झाकलंस.

मी मात्र उठून म्हणालो, "ते पाहुणे मीच. मी स्वतः त्या भिंतीतून गेलो आहे. मला कुठे खरचटलेलं दिसतंय का?" सगळे हसले. त्या हसण्यानं मला बरं वाटलं, उकंडा. मग मी म्हणालो की ही माणसं यंत्राला बुजलेली आहेत, त्यांच्या बुजण्याला सामाजिक नियम म्हणता येणार नाही, आणि संशोधकाच्या मायेला निष्कर्ष म्हणता येणार नाही. हे वाक्य मी घरून तयार करून आणलं होतं.

तू गॉगलची वायर गुंडाळत होतास. मान वर न करता म्हणालास, "ठीक आहे, सर."

इतक्या वर्षांत तू मला सर म्हणाला नव्हतास. आणि माझ्याशी असा पुस्तकी मराठीतही बोलला नव्हतास. त्या दोन शब्दांत तू मला आपल्या टपरीवरून उठवून दूर नेऊन बसवलंस, परक्यांच्या रांगेत, जिथे मी स्वतःच्या पायांनी चालत गेलो होतो.

मी असं का केलं, हे तू कधी विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर मी शास्त्राच्या नावाखाली लपलो असतो. आता लपायला कोणी समोर नाही, म्हणून सांगतो. मला तुझा हेवा वाटत होता. मी त्याच नोट्स वर्षानुवर्षं वाचून दाखवत होतो आणि तू, ज्याला आम्ही स्टाफरूममध्ये नकाशेवाला म्हणायचो, तू माझ्याच विषयात मला न सुचलेला प्रश्न घेऊन आला होतास. वर तो प्रश्न तुझ्या आईच्या चुलीपर्यंत जात होता. माझ्या कुठल्याच प्रश्नानं कधी कोणाचं घर पाहिलं नव्हतं.

विषय मागे पडला. तू वाद घातला नाहीस, दुसऱ्या कोणाकडे गेला नाहीस. काही महिने टपरीवरही आला नाहीस. मग आलास, पण आपण वेळापत्रक, पेपर तपासणी, सोयाबीनचा भाव असलं बोलायला लागलो. गॉगलचं नाव दोघंही घेत नव्हतो. जिथे भिंत नाही म्हणून मी ओरडत होतो, तिथे आपल्या दोघांच्या मध्ये ती चांगली उभी राहिली होती.

मग तुझ्या किडन्या गेल्या. अकोल्याला डायलिसिस सुरू झालं. सोबत कधी शीतल, कधी वहिनी. एकदा कोणालाच जमणार नव्हतं म्हणून मी आलो. परतताना तू खिडकीशी बसला होतास, हाताला पट्टी, चेहरा राखेसारखा. मेडशीला गाडी थांबली. मी सवयीनं दोन चहा घेतले आणि मग आठवलं की तुला पाणीसुद्धा मोजून होतं. तू ग्लास हातात घेतलास, ओठ टेकवलेस आणि धरून बसलास.

"पाटील," तू म्हणालास. किती दिवसांनी म्हणालास. "तुमच्या रिठदले मी पह्यल्यांदा आलतो, हुरड्याले. आठोते?"

"आठवतं."

"मी ओसरीच्या भाईर उभा होतो. तू आत गेला, हातपाय धुतले, कपडे बदलले. मी उभाच. मंग तुही आई म्हने, या ना आत. मंग आलो."

मी म्हणालो, तू लाजाळू होतास.

"दार तं उघडं होतं," तू म्हणालास. "कोनी अडवलं नोतं. चौकट माह्या डोक्याले आपटली नाई. मंग मी काहून उभा राह्यलो?"

मी समाजशास्त्राचा माणूस. गावात कोण कुठपर्यंत येतो आणि कुठे थांबतो, यावर मी तासभर बोलू शकतो, बोलत आलो आहे. पण माझ्याच ओसरीबाहेर माझाच मित्र का उभा राहिला, हे मी इतक्या वर्षांत स्वतःला विचारलं नव्हतं. तू उभा होतास ती भिंत मला दिसलीच नव्हती, कारण मी नेहमी तिच्या आतल्या बाजूला असायचो. आणि ज्याला आयुष्यभर अशा न दिसणाऱ्या भिंतींपाशी थांबावं लागलं, त्याच्याच घराच्या भिंतीतून मी चालत गेलो होतो. मी म्हणालो, "चहा थंडा होऊन राह्यला." तुला, ज्याला चहा प्यायचा नव्हता.

तू हसलास. ग्लास माझ्याकडे दिलास. मेडशीतून एक बाई तुरीचं पोतं घेऊन चढली, कंडक्टरनं तिच्याशी हुज्जत घातली, गाडी हलली. मग तू म्हणालास, "एक डाव पुन्हा घालजो तो डबा. दारातून जाजो."

"तू बरा हो पह्यले," मी म्हणालो. "दोघं सोबत जाऊ."

तेव्हाच माफी मागता आली असती. तू ती मागायला जागा करून दिली होतीस, सरकून बसावं तशी. मी बसलो नाही. मला वाटलं, पुढच्या खेपेला. पुढची खेप झाली नाही.

तुला तांड्याशेजारच्या वावरातच अग्नी दिला. दोन्ही बाजूंना तुरी उभ्या होत्या. टोळ्या फडावर होत्या, बरीचशी माणसं येऊ शकली नाहीत. तुझ्या भावानं मोबाईल वर धरला होता, त्यात फडावरची माणसं दिसत होती. कापलेल्या उसाच्या बुडख्यांत ती रांगेनं उभी होती आणि सगळ्यांनी चपला काढून ठेवल्या होत्या. इतक्या लांब, उसाचे बुडखे पायाला टोचतात तिथे, अनवाणी. मी ते पाहिलं आणि पहिला विचार असा आला की हे उकंडाला सांगायला हवं. दुसरा विचार यायला वेळ लागला.

तुझा शोधप्रबंध झाला नाही, पण मी आता तसंच बघतो, जसं तू बघायचास. कोण कुठे थांबतं ते बघतो. फोनवर बोलताना माणूस दुसऱ्या गावच्या थोरांसमोर उठून उभा राहतो, ते दिसतं. हे तू मला दिलंस, मी तुला दिलेलं तू जाणतोसच. वर्गात परवा मी कुलपाची आणि किल्लीची गोष्ट सांगितली. एका मुलीनं विचारलं, "सर, हे कोणी शोधलं?" मी तुझं नाव फळ्यावर लिहिलं. तास संपल्यावर ते पुसणं मला जमलं नाही, तसंच ठेवून आलो.

दिवसकार्य झाल्यावर मी तांड्यावर आलो. तुझं मातीचं घर आता नाही, हे मला माहीत नव्हतं. तुझ्या भावाच्या नावानं घरकुल मंजूर झालं, जुनं पाडून त्याच जागी सिमेंटचं उभं राहिलं, बाहेरून गुलाबी. न्हाणी नाही, ती चूल नाही, मागची भिंत नाही. शेजारच्या म्हातारीनं 'पळून चालली का' म्हणून विचारलं होतं ती भिंत खरंच निघून गेली होती. आता ती एकाच ठिकाणी उरली आहे, तू ठेवलीस तिथे.

शीतलनं टीव्हीला काहीतरी जोडलं आणि गॉगल पुढे केला. "काका, घालता का?" तिला काही ठाऊक नव्हतं. याडी भिंतीला टेकून बसली होती, आधीपेक्षा लहान झाल्यासारखी. मी तिच्याकडे बघितलं. तिला ठाऊक होतं.

"घालू दे त्याइले," ती म्हणाली. "माह्या पोराचं काम हाये."

मी गॉगल घातला. तीच बाभळ, तीच सावली, कुडावर तेच लुगडं. तुझ्या चुलत भावाच्या दारावरचं कुलूप दिसलं. नायकाच्या ओट्यासमोरून मी लांबून गेलो. कोणी सांगितलं नव्हतं, अंगठाच कळीवर तसा वळला. तुझ्या घराची मागची बाजू आली. भिंतीवर शेणाच्या सारवणातली बोटं दिसत होती, त्या दिवशी मी ती पाहिली नव्हती. मी कडेनं चालत राहिलो, कोपरा वळलो, पुढच्या अंगणात आलो आणि दाराशी थांबलो.

दाराबाहेर तुझ्या चपला होत्या.

आतले फोटो काढायला जाताना तू त्या काढून ठेवल्या असशील. एक सरळ, एक थोडी तिरकी, अंगठ्याला लाल वायर. तू रिकाम्या घरात, कोणी बघत नसताना, चपला काढून गेला होतास. मी पुढून आलो असतो तर त्या मला तेव्हाच दिसल्या असत्या.

मी वाकलो आणि माझ्या चपला काढल्या; नव्या घरात मी त्या घालूनच आलो होतो. सिमेंटची फरशी पायाला गार लागली. त्या दिवशी मला माणसं दिसत नव्हती, आजही दिसत नव्हती, पण याडी कुठे बसली आहे ते मला आज माहीत होतं.

"थांबले काहून, गुर्जी?" ती मागून म्हणाली. "या ना आत."

"येतो याडी, पन आंधी सांगू द्या," मी म्हणालो. "त्या दिवशी तुमी घरात होत्या, अन् मी इचारल्याबिगर भितीतून शिरलो. चुकलं माह्यं. उकंडा खरं सांगत होता, त्याले मी चार लोकाईत खोटं पाडलं, थे त्याहून चुकलं. तुमी बी माफ करा, अन् त्यानं बी."